हे खरे आहे काय? – प्रश्न उद्भवत नाही!

दवंडी
'करोनाच्या काळात विरोधकांनी नुसतं राजकारण केलं' हे वाक्य शेजारच्या धाग्यावर तीनदा वाचलं. तिथे प्रतिसाद लिहायला घेतला, तो लांबतच गेला, म्हणून वेगळा धागा काढतेय.

विरोधकांचं वकीलपत्र मला घ्यायचं नाही. एक प्रश्न आणि त्याचं एक उत्तर, एवढंच घेऊन बसू.

२० जुलै २०२१, राज्यसभा. दुसरी लाट ओसरून जेमतेम दोन महिने झालेले. काँग्रेसचे खासदार के. सी. वेणुगोपाल यांनी लेखी विचारलं की ऑक्सिजनच्या तीव्र टंचाईमुळे मोठ्या संख्येने रुग्ण रस्त्यांवर आणि रुग्णालयांत दगावले, हे खरं आहे का? उत्तर दिलं आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी. बाई तेव्हाच्या दिंडोरीच्या खासदार, स्वतः डॉक्टर, आणि मंत्रिपदाची शपथ घेऊन तेव्हा पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. उत्तराचा मथितार्थ असा: आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यू कसे कळवायचे याच्या सविस्तर सूचना राज्यांना दिल्या आहेत, त्यानुसार राज्यं आकडे कळवतात, मात्र ऑक्सिजनअभावी झालेले मृत्यू असे विशेषत्वाने कोणत्याही राज्याने कळवलेले नाहीत.

त्या संध्याकाळी टीव्हीवर पट्टी फिरली, 'ऑक्सिजनअभावी एकही मृत्यू नाही – केंद्र सरकार'. देश संतापला आणि ते रास्तच होतं. पण उत्तर पुन्हा वाचा. कुणी मेलं नाही, असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. कुणी कळवलं नाही, एवढंच लिहिलंय. सगळा भार 'विशेषत्वाने' या एका शब्दावर. ज्याने कुणी तो मसुदा लिहिला त्याच्या लेखणीला माझा दंडवत. त्याच उत्तरात पुढे हेही आहे की पहिल्या लाटेत देशाची वैद्यकीय ऑक्सिजनची मागणी ३,०९५ मेट्रिक टनांच्या आसपास होती, ती दुसऱ्या लाटेत ९,००० च्या घरात गेली. म्हणजे मागणी जवळपास तिप्पट झाली हे मान्य, त्यातून काय झालं ते मात्र कुणी कळवलेलं नाही.

वेणुगोपाल म्हणाले, मंत्र्यांनी सभागृहाची दिशाभूल केली, हक्कभंग आणणार. माझं मत वेगळं आहे. दिशाभूल झाली, कारण प्रश्नाने वाट मोकळी ठेवली होती. 'खरं आहे का' असं विचारलं की समोरचा 'मला कुणी सांगितलं नाही' म्हणून सुटतो. विचारायला हवं होतं की केंद्राने राज्यांकडे ही माहिती मागितली होती का, आणि मागितली तर कोणत्या पत्राने? गदारोळ झाल्यावर केंद्राने राज्यांना खरंच विचारलं. डिसेंबरमध्ये लोकसभेत उत्तर आलं ते असं: पंजाबने चार संशयित मृत्यू कळवले, बाकी कुणी नाही.

आता बोला. राजकारण होतं की नव्हतं?

पाटीवरचा खडू
+१. वाचतोय.

सडेतोड
दवंडीताई, लिहिलंय छान, पण फक्त दिल्लीचं लिहिलंत. तेव्हा महाराष्ट्रात सरकार कुणाचं होतं? आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी त्याच आठवड्यात काय सांगितलं ते का गाळलं? ऑक्सिजनअभावी राज्यात मृत्यू झाले असं आम्ही कधीच म्हटलेलं नाही, असं ते म्हणाले होते. न्यायालयातही राज्याची भूमिका तीच. नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ ला टाकीतून गळती होऊन पुरवठा तुटला, पहिल्या दिवशीच बावीस माणसं गेली. तो 'अपघात' ठरला. म्हणजे प्राणवायू होता, नळीपर्यंत पोचला नाही, त्यामुळे टंचाई नव्हे! केंद्राने राज्यांवर ढकललं आणि राज्यांनी 'निरंक' पाठवलं. तुमच्या 'विशेषत्वाने'ला मुंबईतूनच टेकू मिळाला होता.

दवंडी
गाळलं नव्हतं, तुम्ही येणार याची खात्री होती :)
मान्य आहे. वाईट याचंच वाटतं की या एका बाबतीत दिल्ली आणि मुंबईत संपूर्ण एकमत होतं.

सवाई
एक मूलभूत शंका. घर जळत असताना विझवणाऱ्याला 'बादली कुठून आणली' असं विचारायचं नसतं. मंत्री, सचिव, जिल्हाधिकारी रात्रंदिवस राबत होते. त्यात यांची पत्रं, यांचे तारांकित प्रश्न. उत्तरं लिहायला जी माणसं बसवली ती कामावरून उठवूनच ना? नंतर विचारा की हवं ते.

गंगथडी
सवाईसाहेब, नंतर म्हणजे कधी? सप्टेंबर २०२० मध्ये पावसाळी अधिवेशन झालं त्यात प्रश्नोत्तराचा तासच काढून टाकला होता, शून्य प्रहर अर्ध्या तासावर आणला. हिवाळी अधिवेशन तर झालंच नाही, थेट जानेवारीअखेर बजेट. तुमचं 'नंतर' असं सरकतच राहतं.

आणि बादलीचं म्हणाल तर बादलीला भोक आहे हे विझवणाऱ्यालाही कळलेलं बरं. नोव्हेंबर २०२० मध्ये आरोग्याच्या संसदीय स्थायी समितीने करोनावरचा अहवाल राज्यसभेच्या सभापतींना दिला. अध्यक्ष रामगोपाल यादव, म्हणजे विरोधी पक्षाचे. त्यात ऑक्सिजनचं उत्पादन वाढवा, सिलिंडरच्या किमतींवर मर्यादा घाला असं लिहिलेलं होतं. पाच महिन्यांनी एप्रिल आला.

सवाई
समितीत सत्ताधारी खासदारही असतात. मग त्याचं श्रेय एकट्या विरोधकांना कसं?

गंगथडी
नकोच श्रेय. कुणीतरी विचारलं होतं आणि कागदावर आलं होतं, एवढंच म्हणतोय.

टाकसाळ
प्रश्नोत्तराच्या तासाचा विषय निघालाच आहे तर थोडं तांत्रिक, कारण बऱ्याच जणांना तारांकित-अतारांकित म्हणजे नुसता छपाईचा फरक वाटतो. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी मजा उपप्रश्नात. मूळ उत्तर खात्याने पंधरा दिवस घोटून लिहिलेलं असतं, उपप्रश्नाला मंत्री एकटा असतो. अधिकारी दीर्घेतून चिठ्ठी पाठवेपर्यंत त्याला काहीतरी बोलावंच लागतं. अतारांकितला लेखी उत्तर आलं की विषय संपला, उलटून विचारायची सोय नाही. २०२० च्या त्या अधिवेशनात अतारांकित चालू ठेवले आणि तारांकित बंद केले. कागद येत होता, माणूस उभा राहत नव्हता.

तरीही त्या लेखी उत्तरांतली एक जोडी बघण्यासारखी आहे. १४ सप्टेंबरला लोकसभेत श्रम मंत्रालयाला विचारलं गेलं की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले आणि त्यांच्या कुटुंबांना काही मदत दिली का? मंत्री संतोष गंगवार यांच्या खात्याचं उत्तर: अशी आकडेवारी ठेवली जात नाही. आणि मदतीचं? वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही.

त्याच अधिवेशनात राज्यसभेत तृणमूलचे डेरेक ओब्रायन यांनी रेल्वेला विचारलं की श्रमिक विशेष गाड्यांमध्ये किती जण मरण पावले? पीयूष गोयल यांचं उत्तर: राज्यांच्या पोलिसांच्या माहितीनुसार ९ सप्टेंबरपर्यंत ९७. त्यातल्या ८७ जणांचे मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवले, ५१ जणांचे अहवाल मिळाले.

सरकार तेच, अधिवेशन तेच. एका खात्याकडे काहीच नाही, दुसऱ्याकडे शवविच्छेदनापर्यंतचा हिशेब. कारण साधं आहे. डब्यात मृतदेह सापडला की रेल्वे पोलिसांत नोंद करावीच लागते. रस्त्याने चालत निघालेला माणूस कुणाच्याच वहीत नसतो. ओब्रायन यांनी वही कुठे आहे ते हेरून विचारलं.

पाटीवरचा खडू
वही कुठे आहे ते हेरून विचारलं. हे लिहून ठेवतो.

सडेतोड
आता जरा इकडचंही, म्हणजे धागा एकतर्फी होणार नाही. १५ जून २०२०. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहिलं, मुंबईत साडेनऊशेहून जास्त करोना मृत्यू आकडेवारीत दाखवलेच नाहीत म्हणून. तेव्हाही हेच झालं, 'संकटात राजकारण', 'महाराष्ट्राची बदनामी'. दुसऱ्या दिवशी, १६ जूनला, राज्याने ताळमेळ जाहीर केला. आधी न दाखवलेले १,३२८ मृत्यू एका फटक्यात यादीत आले, त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे. आदल्या दिवशीचा एकूण आकडा ४,१२८ होता, तो ५,५३७ झाला. एका रात्रीत साथ वाढली नव्हती, वही पुरी झाली होती.

फडणवीसांमुळेच झालं असं मी म्हणत नाही, ताळमेळाचं काम आधीपासून चालू असणार. पण पत्र गेलं नसतं तर ते त्याच दिवशी बाहेर आलं असतं का?

दवंडी
हे उदाहरण माझ्या वेणुगोपालांपेक्षा सरस आहे. पत्रात आकडा होता. 'मृत्यू लपवले जात आहेत हे खरे आहे काय' असं विचारलं असतं तर 'हे खरे नाही' आलं असतं.

अनामिका ७
राजकारणाशी माझा संबंध नाही. वडील एप्रिल २०२१ मध्ये गेले. रात्री दोनच्या सुमारास वॉर्डबॉय बाहेर आला आणि म्हणाला, प्रेशर पडलंय, कुणाकडे सिलिंडर असेल तर आणा. आम्ही सात-आठ जण व्हरांड्यात होतो. प्रत्येक जण मोबाईल कानाला लावून जिन्याकडे पळाला. मी एकटीच मागे राहिले, कारण मला फोन करावा असं कुणी आठवेचना. दाखल्यावर कारण लिहिलंय कोविड न्यूमोनिया, श्वसनसंस्था निकामी. त्यात खोटं काही नाही. पण ती संसदेतली बातमी आली तेव्हा मी टीव्ही बंद केला नाही. पूर्ण ऐकली. एवढंच.

टाकसाळ
ताई, काय लिहावं कळत नाही.

नाडीपरीक्षा
मी डॉक्टर आहे. दाखल्यात तसं का येतं ते सांगतो, समर्थन म्हणून नाही. रुग्णालयातला मृत्यू असेल तर नमुना ४ भरायचा असतो. तात्काळ कारण, त्याआधीचं कारण, मूळ कारण, अशी उतरंड. श्वसन निकामी, त्याच्या मुळाशी न्यूमोनिया, त्याच्या मुळाशी कोविड. या उतरंडीत आजार बसतात, टँकर न येणं बसत नाही. 'साठा संपला' असा आजार नाही, त्यामुळे ते लिहायला जागाच नाही. जिल्ह्यातून राज्याला आणि राज्याकडून केंद्राला जो तक्ता जायचा, त्यात एकूण बाधित, बरे झालेले, मृत. संपलं. म्हणून मंत्र्यांचं उत्तर शब्दशः बरोबर होतं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. रकानाच नसेल तर कळवणार कोण?

फाइल मात्र होती. प्राणवायूसाठी रुग्णालयांनी जिल्हा नियंत्रण कक्षाला केलेले फोन, मेसेज, 'चार तासांचा साठा उरलाय' म्हणून पाठवलेली पत्रं. वेळेसकट. दाखल्यात नसलेलं सगळं तिथे होतं.

दवंडी
वही!

नदीपल्याड
थोडं परदेशात डोकावू. न्यूझीलंडने मार्च २०२० मध्ये संसद स्थगित करताना एक साथप्रतिसाद समिती नेमली. अकरा सदस्य, त्यात सहा विरोधकांचे, आणि अध्यक्ष खुद्द विरोधी पक्षनेते सायमन ब्रिजेस. मंत्र्यांना, आरोग्य संचालकांना ऑनलाइन बोलावून विचारायचे आणि हे सगळं थेट प्रक्षेपित व्हायचं. टाळेबंदीतली जनता घरी बसून बघायची. आपल्याकडे संसदीय समित्यांना ऑनलाइन बैठकाच नाकारल्या, गोपनीयतेचं कारण देऊन.

पण सवाईसाहेबांच्या बाजूचीही गोष्ट त्यातच आहे. ब्रिजेस यांनी टाळेबंदी वाढवण्यावर टीका केली, लोक त्यांच्यावरच उखडले, पक्षाची लोकप्रियता घसरली आणि मे महिन्यात त्यांच्याच पक्षाने त्यांना नेतेपदावरून काढलं. घाबरलेल्या माणसाला प्रश्न विचारणारा आवडत नाही.

सवाई
अखेर कुणीतरी माझ्या बाजूने बोललं :) पण ती समितीची कल्पना मला आवडली, हे कबूल करतो.

सडेतोड
आपल्याकडे कशाला आवडेल? ७ आणि ८ सप्टेंबर २०२० ला विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन झालं. दोन दिवस! प्रश्नोत्तरं नाहीत, लक्षवेधी नाहीत. दिल्लीत प्रश्नोत्तराचा तास गेला म्हणून लोकशाहीचा गळा आवळला असं ओरडणारे पक्ष मुंबईत सत्तेत होते. आणि मुंबईत गळा काढणाऱ्यांचं दिल्लीत सरकार होतं.

गंगथडी
आणि २०२१ चं? ५ जुलैला, दुसऱ्या लाटेनंतरच्या पहिल्या अधिवेशनात, काय झालं ते सांगा ना सडेतोडराव. तेही दोनच दिवसांचं. विषय ओबीसी आरक्षणाचा, राडा तालिका अध्यक्षांच्या दालनात, भाजपचे बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर अभिरूप विधानसभा. निलंबन अवैधच होतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ते रद्द केलं. पण मला सांगा, नाशिकचं विचारायला त्या दोन दिवसांत वेळ कुणाला मिळाला? सरकारलाही ते सोयीचं आणि विरोधकांनाही कॅमेरा मिळाला.

सडेतोड
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

गंगथडी
काढला तरी मी वाचला होता. असो.

संपादक
विषयाला धरून लिहावे. वैयक्तिक शेरे आढळल्यास धागा वाचनमात्र केला जाईल.

रिटायर्ड बाबू
बरेच दिवस वाचत होतो, आता राहवत नाही. माझी हयात प्रश्नांची उत्तरं लिहिण्यात गेली. मंत्री नव्हतो हो, खाली टेबलावर होतो. आमच्यात विधानसभेच्या प्रश्नाला एलएक्यू म्हणतात. 'एलएक्यू आलाय' एवढं ऐकलं की जेवणाचा डबा मिटायचा. संध्याकाळी साडेसहाला वरून मेसेज, उद्या सकाळी दहापर्यंत माहिती, 'अत्यंत तातडीचे, विधानसभा' असं वर लाल अक्षरात. मग तालुक्यांना फोन. तालुक्यातून येतं तसं जोडायचं, बेरीज जुळली नाही तर जुळवून घ्यायची.

प्रश्नाचा साचा ठरलेला. (१) अमुक झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीनुसार कोणती कारवाई केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराचाही साचा. (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही. चार भागांचा प्रश्न पहिल्याच शब्दावर पाडायचा, की खालचे तीन आपोआप पडतात. माझ्या पहिल्या साहेबांनी हे शिकवलं. फार अडचण असेल तर 'हे अंशतः खरे आहे'. कोणता अंश, ते विचारायला उपप्रश्न लागतो, आणि तोवर तास संपतो.

करोनात मी निवृत्तीच्या काठावर होतो. सवाईसाहेब म्हणतात तेही खोटं नाही, माणसं राबत होती आणि आम्हालाही शिव्या देत होती, आकडे काय मागता म्हणून. पण एक सांगतो. एलएक्यू आला की निदान एकदा तरी कुणीतरी त्या तालुक्याला फोन करून विचारायचं, बाबा, नक्की किती? एरवी ते कुणी विचारत नाही. उत्तर पोकळ गेलं तरी तो फोन झालेला असायचा.

अनामिका ७
बाबूकाका, मग असा प्रश्न लिहिता येईल का ज्यातून तुम्हाला सुटता येणार नाही?

रिटायर्ड बाबू
लिहा की. मी उत्तर लिहितो.

दवंडी
मी प्रयत्न करते, नाडीपरीक्षांची वही वापरून:
(१) मार्च ते जून २०२१ या कालावधीत राज्यातील ज्या रुग्णालयांनी प्राणवायूचा साठा संपत आल्याचे जिल्हा प्रशासनास कळविले, त्या रुग्णालयांची नावे व कळविल्याचा दिनांक आणि वेळ काय आहे,
(२) उक्त वेळेपासून पुढील बारा तासांत त्या प्रत्येक रुग्णालयात किती रुग्णांचे मृत्यू झाले,
(३) ही माहिती संकलित केली नसल्यास, ती न करण्याचा निर्णय कोणत्या स्तरावर व कोणत्या दिनांकास घेण्यात आला?

टाकसाळ
वा! 'हे खरे आहे काय' नाही, 'ऑक्सिजनअभावी' नाही. कारण विचारलंच नाही, फक्त दोन घड्याळं शेजारी ठेवली.

नाडीपरीक्षा
बारा तास जास्त होतात, सहा करा. बाकी पक्कं आहे.

सवाई
याला मीही अनुमोदन देतो. काका, आता काय लिहाल?

रिटायर्ड बाबू
(१) व (२) माहिती गोळा करण्यात येत आहे.
(३) प्रश्न उद्भवत नाही.

टाकसाळ
पकडलं! 'माहिती गोळा करण्यात येत आहे' हे आश्वासन धरलं जातं. ते आश्वासन समितीकडे जातं, संसदेत तर ते तीन महिन्यांत पुरं करावं लागतं.

रिटायर्ड बाबू
मग ते खोडा. '(१), (२) व (३) प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.'